तक्रार नसलेल्या माणसाचा हृदयविकाराचा धोका

हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाची मागची दहा वर्षे तपासली, तर त्या काळात तो कुठल्या ना कुठल्या कारणाने एखाद्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात अनेकदा येऊन गेलेला आढळतो. सर्दी-खोकला, गुडघेदुखी, वाहन परवान्यासाठी लागणारा वैद्यकीय दाखला, नातवाचा ताप अशी ती कारणे असतात. छातीत दुखते म्हणून तो आलेला नसतो, कारण तेव्हा दुखत नसते. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवताना माझी अशी पक्की धारणा झाली आहे की, हृदयविकार टाळण्याचे बरेचसे काम याच इतर कारणांनी झालेल्या भेटींमध्ये होऊ शकते आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या अँजिओग्राफीच्या टेबलावर पोहोचेपर्यंत त्या कामाची वेळ बहुधा निघून गेलेली असते. हे काम दोन ठिकाणी फसते. एक तर आपण एकेका आकड्याकडे पाहतो आणि त्या माणसाचा एकूण धोका पाहत नाही; आणि दुसरे म्हणजे धोका सापडल्यावर तो माणूस पुढच्या महिन्यात परत येईल याची व्यवस्था आपल्याकडे नसते. आज या दोन्हींबद्दल सविस्तर लिहायचे आहे.

एकूण धोक्याची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत बोस्टनजवळच्या फ्रॅमिंगहॅम या गावातील पाच हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांचा अभ्यास १९४८ मध्ये सुरू झाला आणि त्यातून रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, मधुमेह हे घटक एकत्र आले की धोका कसा वाढत जातो हे हळूहळू उलगडले. आपल्यासाठी अधिक जवळचा अभ्यास म्हणजे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘इंटरहार्ट’. डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या या अभ्यासात भारतातील रुग्णही होते. पहिल्या झटक्याचा बहुतेक सगळा धोका नऊ घटकांनी समजावून सांगता येतो, आणि ते सगळे घटक मोजता किंवा विचारता येण्याजोगे आहेत, हा त्याचा मुख्य निष्कर्ष होता. याच अभ्यासातील दक्षिण आशियाई रुग्णांचे वेगळे विश्लेषण २००७ मध्ये आले. पहिला झटका येण्याचे सरासरी वय दक्षिण आशियात ५३ वर्षे आणि इतर देशांत जवळपास ५९ वर्षे निघाले. सहा वर्षांचा हा फरक कागदावर लहान दिसतो. पण ५३ व्या वर्षी घरातील मुलांची शिक्षणे चालू असतात, घराचे किंवा ट्रॅक्टरचे कर्ज फिटायचे असते, आणि कमावणारा माणूस बहुधा तोच असतो.

एकूण धोका मोजण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये नवे तक्ते प्रसिद्ध केले. त्यात दक्षिण आशियासाठी स्वतंत्र तक्ता आहे आणि चाळीस ते चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला पुढील दहा वर्षांत हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येण्याची शक्यता किती टक्के, हे तो सांगतो. त्याचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात कोलेस्टेरॉल आणि मधुमेह विचारात घेतले जातात. दुसऱ्यात रक्ततपासणी लागतच नाही. वय, लिंग, धूम्रपान, वरचा रक्तदाब आणि उंची-वजनावरून काढलेला निर्देशांक एवढ्यावर काम भागते. उपकेंद्रात जिथे प्रयोगशाळा नाही, तिथे हा दुसरा तक्ता फार मोलाचा आहे. मात्र मधुमेही व्यक्तीचा धोका तो कमी दाखवतो, त्यामुळे साखर एकदा तरी तपासलेली असावी.

आशाताई घरोघरी जाऊन तीस वर्षांवरील प्रत्येकाचा जो तपासणी फॉर्म भरतात, तोही याच विचारावर आधारलेला आहे. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम आणि घरातील आजारांचा इतिहास यांना गुण दिलेले असतात आणि बेरीज चारच्या वर गेली की त्या व्यक्तीला तपासणीसाठी प्राधान्याने बोलवायचे असते. खासगी डॉक्टरांपैकी अनेकांना या फॉर्मची माहितीही नसते. मला तो फॉर्म आवडतो, कारण तो टेपने कंबर मोजायला लावतो. आपल्याकडच्या माणसाचे वजन बेताचे, हातपाय बारीक आणि पोट मात्र पुढे आलेले असे अंगलट फार आढळते. अशा माणसाला वजनकाटा निर्धास्त करतो आणि टेप सावध करते. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही आपल्यासाठीची मर्यादा आहे, आणि उंची-वजनाचा निर्देशांक २३ च्या पुढे गेला की आपल्याकडे वजन जास्त मानावे, २५ ची वाट पाहू नये.

एकेक आकडा पाहणे आणि बेरीज पाहणे यांतला फरक एका काल्पनिक पण रोजच्या अनुभवातल्या जोडीवरून सांगतो. सेहेचाळीस वर्षांच्या एक शिक्षिका आहेत. तंबाखूचा संबंध नाही, साखर नाही, चालणे नियमित आहे, आणि रक्तदाब १४४/८८ निघाला आहे. त्याच दिवशी चौपन्न वर्षांचे एक दुकानदार येतात. रक्तदाब १३६/८४, कोलेस्टेरॉल प्रयोगशाळेच्या कागदावर नॉर्मलच्या मर्यादेत, उपाशीपोटी साखर थोडी वर, रोज पाच-सहा सिगारेटी, आणि वडील पन्नाशीत झटक्याने गेलेले. आपली सवय अशी की शिक्षिकेच्या कागदावर लाल रेघ ओढायची, त्यांना घाबरवायचे, आणि दुकानदाराला ‘सगळे बॉर्डरवर आहे, जरा सांभाळा’ असे सांगून पाठवायचे. प्रत्यक्षात दुकानदाराचा धोका शिक्षिकेच्या कितीतरी पट आहे. त्यांच्या कागदावर एकही आकडा धक्कादायक नाही आणि म्हणूनच ते हातातून निसटतात. शिक्षिकेचा रक्तदाब पुन्हा मोजून, घरी मोजून, तो खरोखरच वाढलेला असेल तर उपचार करायलाच हवेत. पण त्या दिवशी ज्यांच्यासाठी वीस मिनिटे द्यायला हवीत ते दुकानदार आहेत.

तक्त्याला मर्यादा आहेत आणि त्या डॉक्टरने स्वतःच्या प्रश्नांनी भरून काढाव्या लागतात. चाळिशीच्या आतल्यांसाठी तक्ता नाहीच. पस्तीस वर्षांच्या तरुणाच्या वडिलांना अठ्ठेचाळिसाव्या वर्षी झटका आला असेल तर तो तरुण तक्त्याच्या बाहेर पण माझ्या काळजीच्या आत असतो. वडील किंवा भाऊ पंचावन्नच्या आत, आई किंवा बहीण पासष्टच्या आत, असा घरचा इतिहास असला की मी धोका तक्त्याने सांगितल्यापेक्षा वरचा धरतो. स्त्रियांना मी गरोदरपणाबद्दल आवर्जून विचारतो: तेव्हा बीपी वाढले होते का, फिट (आकडी) आली होती का, साखर वाढली होती का, पाळी फार लवकर बंद झाली का. वीस वर्षांपूर्वीच्या बाळंतपणात बीपी वाढले होते हे बाई स्वतःहून कधीच सांगत नाहीत, कारण बाळंतपण सुखरूप झाले आणि विषय तिथे संपला अशी त्यांची समजूत असते. पुढे हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींत त्याची गणना होते हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

आणि तंबाखू. तक्ता धूम्रपान विचारतो. आपल्याकडे मात्र तंबाखूचा मोठा भाग धुराविना जातो. ‘विडी-सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले की कागदावर शून्य पडते. पश्चिम महाराष्ट्रातल्या खेड्यात मी विचारतो, ‘मावशी, मशेरी लावता का?’ आणि उत्तर येते, ‘लावते की, पण तंबाखू न्हाय खात.’ भाजून पूड केलेला तंबाखू दिवसातून तीन-चारदा दातांना लावणाऱ्या बाईंच्या शरीरात निकोटीन जातच असते, बीपी आणि नाडी त्याने वाढतच असते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण तंबाखू-चुना मळणारा हात काही त्यामुळे थांबलेला नाही. म्हणून प्रश्न एकच नसावा. मशेरी, तंबाखू-चुना, गुटखा-मावा, विडी, सिगारेट अशी नावे घेऊन विचारावे, आणि विचारताना आवाजात उपदेश नसावा. ‘दिवसाची पहिली मशेरी कधी?’ या प्रश्नातून व्यसन किती खोल आहे हे कळते. उठल्या उठल्या लागत असेल तर नुसत्या सल्ल्याने सुटणार नाही, तिथे निकोटीनच्या गोळ्या आणि वारंवार भेटी लागतील.

आता रक्तदाब मोजण्याविषयी. या एका कृतीवर इतके अवलंबून आहे आणि ती इतक्या घाईने केली जाते की त्यावर थांबून लिहिणे भाग आहे. रुग्ण एसटीतून उतरून, जिना चढून, चहा पिऊन आलेला असतो. तो टेबलाच्या कडेला पाय लोंबकळत बसतो, बोलत राहतो, सदऱ्याची बाही वर सरकवलेली असते आणि तिनेच दंड आवळला गेलेला असतो, हात खाली लटकलेला असतो. यांतल्या बहुतेक गोष्टी आकडा वाढवतात. नीट मोजायचे तर त्याने लघवी करून यावे, चहा-तंबाखूला निदान अर्धा तास झालेला असावा, पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे शांत बसावे, हात टेबलावर हृदयाच्या पातळीवर असावा, दंड उघडा असावा, आणि मोजताना रुग्णानेही बोलू नये आणि आपणही. दोनदा मोजावे, मध्ये मिनिटभर थांबावे, आणि सरासरी लिहावी. पट्ट्याचे माप दंडाला साजेसे हवे. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा दहा मिलिमीटर किंवा त्याहूनही जास्त चढू शकतो आणि निरोगी माणसाच्या माथी गोळी येते. पहिल्या भेटीत दोन्ही दंडांवर मोजावे, आणि फरक कायम दहाच्या वर राहत असेल तर पुढे नेहमी जास्त आकड्याच्या हाताने मोजावे. मोजण्याआधी नाडीवर बोट ठेवण्याची जुनी सवय सोडू नये. नाडी अनियमित लागली तर यंत्राचा आकडा भरवशाचा नसतो, आणि त्या अनियमित नाडीतच पक्षाघाताचे कारण दडलेले असू शकते.

दवाखान्यात १४०/९० किंवा त्याहून अधिक आकडा वेगवेगळ्या दिवशी आला तर उच्च रक्तदाब म्हणावे. घरी यंत्र असेल तर सात दिवस सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा मोजून, पहिला दिवस सोडून, बाकीच्यांची सरासरी काढावी. तिथे मर्यादा १३५/८५ धरतात. डॉक्टरसमोर वाढणारा आणि घरी नॉर्मल असणारा रक्तदाब सर्वांना माहीत आहे. त्याच्या उलट प्रकार, म्हणजे दवाखान्यात ठीक आणि घरी किंवा कामावर वाढलेला, हा अधिक घातक आहे. तो दवाखान्याबाहेर मोजल्यानेच सापडतो. रात्रपाळीचे कामगार आणि तंबाखू खाणारे पुरुष यांच्याबाबतीत मला ही शंका नेहमी येते, कारण दवाखान्यात शिरण्याआधी ते तोंड धुऊन आलेले असतात.

तपासण्यांबद्दल थोडक्यात सांगतो. उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, लिपिड (रक्तातील चरबी), मूत्रपिंडाचे काम सांगणारे क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन हे प्रथिन एवढ्यावर पहिला अंदाज पक्का करता येतो. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी चाचणी चांगली आहे, पण लोहाच्या कमतरतेने झालेल्या ॲनिमियात तिचा आकडा खोटाच वर जाऊ शकतो. आपल्याकडच्या स्त्रियांत हा ॲनिमिया किती आहे हे ठाऊक असताना हिमोग्लोबिन न पाहता त्या आकड्यावर मधुमेहाचा शिक्का मारू नये. लिपिडच्या कागदावर एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १९० च्या पुढे दिसले तर ते जीवनशैलीच्या खात्यात न टाकता आनुवंशिक दोषाचा विचार करावा.

ज्या तपासणीवर लोकांचा सर्वांत जास्त विश्वास आहे ती मात्र धोका ओळखण्याच्या फारशी कामाची नाही. ‘ईसीजी काढला, नॉर्मल आला’ असे समाधानाने सांगणारे रोज भेटतात. ईसीजी त्या क्षणाचे हृदय सांगतो. उद्याचा धोका सांगत नाही. तक्रार नसलेल्या माणसाची पळवून केलेली स्ट्रेस टेस्टही हेच करते. पुष्कळसे झटके अशा ठिकाणी येतात जिथे रक्तवाहिनी आधी फारशी अरुंद झालेलीच नव्हती. तिथला चरबीचा थर फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि वाहिनी बंद होते. तपासण्यांच्या पॅकेजमधला नॉर्मल ईसीजी हातात घेऊन माणूस सिगारेट चालू ठेवतो, हे त्या पॅकेजचे मला वाटणारे सर्वांत मोठे नुकसान आहे.

धोका मोजून झाला की तो सांगायचा कसा, हा प्रश्न येतो. टक्केवारी सांगितली तर ‘बारा टक्के म्हणजे अठ्ठ्याऐंशी टक्के मी पास’ असे गणित लोक करतात. मी सांगतो, ‘काका, तुमच्यासारखी शंभर माणसे या गावात धरा, तुमच्याच वयाची, अशाच सवयींची. पुढच्या दहा वर्षांत त्यांतल्या बारा जणांना झटका किंवा लकवा येईल. ते बारा कोण, हे आज मला सांगता येत नाही. पण सिगारेट सुटली आणि बीपी खाली आले तर बाराचे निम्मे करता येतील.’ हे सांगताना तक्ता त्यांच्यासमोर ठेवतो आणि सिगारेट नसेल तर कुठल्या रंगाचा चौकोन येतो हे बोटाने दाखवतो. नारिंगी चौकोनातून पिवळ्यात जाता येते हे डोळ्यांना दिसले की बोलणे पुढे सरकते. तरुण माणसाला दहा वर्षांचा आकडा लहानच दिसणार. त्याच्याशी मी त्याच्या वयाच्या निरोगी माणसाशी तुलना करून बोलतो.

उपचारांबाबत सामान्य व्यवहारातली औषधे पुरेशी आहेत आणि स्वस्तही आहेत. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन या तीन गोळ्यांच्या आधारावर बहुतेकांचा रक्तदाब आटोक्यात येतो. एकच गोळी वाढवत बसण्यापेक्षा दोन गोळ्या कमी मात्रेत एकत्र द्याव्यात हे अधिक बरे; परिणाम चांगला मिळतो आणि ॲम्लोडिपिनची मात्रा वाढवल्यावर येणारी पायांवरची सूज टळते. मोठ्या चाचण्यांच्या २०२१ मधील एकत्रित विश्लेषणात वरचा रक्तदाब अवघा पाच मिलिमीटरने उतरला तरी हृदयविकार-पक्षाघातासारख्या घटना सुमारे दहा टक्क्यांनी कमी होताना दिसल्या. म्हणून आकडा १५० वरून १४४ वर आला तर ‘फरक पडला नाही’ असे म्हणू नये, आणि तिथेच समाधानही मानू नये. टेल्मिसार्टन किंवा क्लोरथॅलिडोन सुरू केल्यावर काही आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहावे, मूल होण्याच्या वयातील स्त्रीला टेल्मिसार्टन देताना गरोदरपणाचा विचार आधी करावा, आणि एप्रिल-मेमध्ये उन्हात राबणाऱ्या शेतकऱ्याला क्लोरथॅलिडोनसारख्या लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळीवर चक्कर येते का हे विचारावे. गोळ्या चालू असूनही रक्तदाब उतरत नसेल तर तिसरे औषध लिहिण्याआधी अंगदुखीच्या गोळीबद्दल विचारावे. मेडिकलमधून मिळणाऱ्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या रोज घेणारे खेड्यात घरोघरी आहेत. त्या रक्तदाब वाढवतात, औषधांना दाद देऊ देत नाहीत आणि मूत्रपिंड खराब करतात.

स्टॅटिनबद्दल, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीबद्दल, लोकांच्या मनात भीती जास्त आहे. झटका येऊन गेलेल्यांना, चाळिशी ओलांडलेल्या मधुमेहींना आणि ज्यांचा एकूण धोका जास्त आहे त्यांना, कोलेस्टेरॉलचा कागद नॉर्मल असला तरी, या गोळीचा फायदा होतो. एलडीएल साधारण ३९ मिलिग्रॅमने उतरले की मोठ्या घटना सुमारे एक पंचमांशाने कमी होतात. ‘लिव्हर खराब होते’ हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकतो त्या मानाने गंभीर त्रास फारच क्वचित दिसतो. स्नायू दुखण्याची तक्रार मात्र खरी असते. ती ऐकून घ्यावी, गोळी थोडे दिवस थांबवावी, मात्रा बदलून पुन्हा द्यावी. ब्रिटनमधील ‘सॅमसन’ नावाच्या एका छोट्या पण सुंदर अभ्यासात, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या माणसांना काही महिने खरी गोळी, काही महिने औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच नाही असे देऊन पाहिले. खऱ्या गोळीवर झालेल्या त्रासाचा सुमारे नव्वद टक्के भाग औषध नसलेल्या गोळीवरही झाला होता. हे मी रुग्णांना सांगतो ते त्यांचा त्रास खोटा आहे असे दाखवण्यासाठी नव्हे. पुन्हा एकदा घेऊन पाहायला हरकत नाही एवढे त्यांना पटावे म्हणून. याउलट, कधीही झटका न आलेल्या निरोगी माणसाने ‘रक्त पातळ राहावे’ म्हणून रोज ॲस्पिरिन घेणे मी थांबवतो. २०१८ मधील मोठ्या चाचण्यांत अशा लोकांत रक्तस्रावाचा तोटा फायद्याला गिळून टाकताना दिसला.

मिठाविषयी एवढेच की, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमच्या आतली आहे आणि आपण त्याहून बरेच जास्त खातो. ‘वरून मीठ घेत नाही’ असे सांगणाऱ्या घरात लोणचे, पापड, ठेचा, फरसाण आणि खारे शेंगदाणे असतात. सैंधव मीठ खाल्ले तर चालते हा समज चुकीचा आहे. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते. पोटॅशियम मिसळलेले कमी सोडियमचे मीठ उपयोगी आहे. चीनमधील ६०० गावांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने पक्षाघात कमी झाले. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना आणि टेल्मिसार्टन घेणाऱ्यांना मात्र ते डॉक्टरला विचारल्याशिवाय सुरू करू देऊ नये.

इथवरचे सगळे एका भेटीत करता येते, आणि एका भेटीत केलेल्याचा उपयोग जवळपास नाही. बीपी सापडले, गोळी दिली, महिन्याने आकडा नॉर्मल आला, आणि ‘आता नॉर्मल आहे’ म्हणून गोळी बंद झाली, ही कथा प्रत्येक डॉक्टरला पाठ आहे. गोळीमुळे नॉर्मल आहे हे पहिल्याच दिवशी सांगावे लागते, आणि दुसऱ्या व तिसऱ्या भेटीत पुन्हा सांगावे लागते. पण सांगण्यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे जो आला नाही तो आला नाही हे आपल्याला कळले पाहिजे.

या बाबतीत माझे आदर्श आहेत डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट. साउथ वेल्समधील ग्लिनकॉरुग या कोळसा खाणकामगारांच्या गावात ते १९६१ पासून फॅमिली डॉक्टर होते. गावातील जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाचा रक्तदाब त्यांनी मोजला. जो दवाखान्यात आला नाही त्याला शोधून मोजला, आणि पुढची पंचवीस वर्षे नोंदी ठेवल्या. १९९१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात, अशी शोधमोहीम नसलेल्या शेजारच्या गावापेक्षा ग्लिनकॉरुगमधला मृत्युदर कमी होता. ते गाव श्रीमंत नव्हते, खाणी बंद पडत होत्या, बेकारी वाढत होती. तिथे नवे औषध किंवा नवे यंत्र नव्हते. डॉक्टर, नर्स आणि नोंदवही होती.

महाराष्ट्रात याच धर्तीचे काम सरकारी व्यवस्थेत झाले आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात सुरुवातीच्या टप्प्यात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. सर्वांसाठी एकच ठरलेला औषधक्रम, पूर्ण महिन्याच्या गोळ्या एकदम, रुग्णाची नोंद, आणि घराजवळच्या उपकेंद्रात पुन्हा मोजणी व औषध, इतका साधा तो आराखडा आहे. त्यात मला सर्वांत मोलाचे वाटते ते पूर्ण महिन्याचे औषध. आठवड्याच्या गोळ्या देऊन आठवड्याने बोलावले की मजुरी बुडते, आणि मजुरी बुडाली की माणूस येत नाही. खासगी दवाखान्यातही हे सहज करता येते. आमच्याकडे सिस्टर महिन्यानुसार नावे लिहिलेली वही ठेवतात. ठरलेल्या तारखेनंतर आठवडा उलटला की फोन जातो. फोनवर रागवायचे नाही, ‘गोळ्या संपल्या असतील, कधी येता?’ एवढेच विचारायचे असा नियम आहे.

न येण्याची कारणे ऐकली की लक्षात येते की बहुतेक रुग्ण बेफिकीर नसतात. आषाढी वारीला निघालेले असतात आणि गोळ्या पिशवीत ठेवायच्या राहिलेल्या असतात. ऊसतोडीला मराठवाड्यातून आलेली कुटुंबे दिवाळीनंतर येतात आणि हंगाम संपला की परत जातात; त्यांच्या हाती शेवटचे तीन आकडे, औषधांची नावे आणि मात्रा लिहिलेले कार्ड नसेल तर गावाकडचा डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. सुगीत शेत सोडता येत नाही. काहींच्या घरी सून म्हणते की इतक्या गोळ्या कशाला. वारीला जाणाऱ्यांना आता ज्येष्ठातच दोन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात, ऊसतोड कामगारांना परतीच्या आधी कार्ड भरून द्यावे, आणि ज्या घरात गोळीवरून वाद आहे तिथल्या सुनेला किंवा मुलाला पुढच्या भेटीला सोबत बोलवावे, असे मार्ग या उत्तरांतूनच सुचत गेले.

सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेल्यांकडे मात्र वेगळ्या नजरेने पाहतो. त्यांचा रक्तदाब बसून आणि उभे राहूनही मोजावा. उभे राहिल्यावर वीस मिलिमीटरने उतरत असेल तर पडण्याचा आणि खुब्याचे हाड मोडण्याचा धोका आधी टाळावा लागतो. मात्रा कमी करणे हाही उपचारच आहे, आणि आजोबांनी ‘आता बास झाल्या गोळ्या’ म्हटले तर कोणती गोळी खरोखर थांबवता येईल हे त्यांच्याबरोबर बसून ठरवावे.

शेवटचा मुद्दा घरच्यांचा. एखाद्या घरात पन्नाशीच्या आत कोणाला झटका आला की पहिले दोन-तीन महिने ते सगळे घर ऐकण्याच्या मनःस्थितीत असते. एरवी वर्षानुवर्षे टाळाटाळ करणारा धाकटा भाऊ तेव्हा स्वतःहून बीपी मोजून घेतो. त्यामुळे झटक्यानंतर रुग्णालयातून घरी आलेला रुग्ण पहिल्यांदा दवाखान्यात येतो तेव्हा त्याच्या कार्डाच्या मागच्या बाजूला सख्ख्या भावंडांची आणि वीस वर्षांवरील मुलांची नावे व वये मी लिहून घेतो. रक्तदाब, कंबर, साखर, लिपिड आणि तंबाखू, एवढे प्रत्येकाचे व्हायला हवे. ज्यांचे झाले त्यांच्या नावापुढे तारीख पडते, आणि उरलेल्यांची नावे सिस्टरच्या फोनच्या यादीत जातात.